जावयाच्या खापरपणजोबांची पेन्शन फाईल: 131 डॉलर 60 सेंट, पूर्ण वसूल

आधी वस्तू काय आहे ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील ही बाई नक्की कशाचा रिव्ह्यू लिहितेय. ही एका कधीच वारलेल्या माणसाची सरकारी फाईल आहे. अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे 1861 ते 1865, उत्तरेच्या बाजूनं लढलेल्या ज्या शिपायांनी नंतर पेन्शनसाठी अर्ज केला त्यांची कागदपत्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जनं जपून ठेवलीत, आणि पैसे भरले की ते अख्ख्या फाईलची कॉपी काढून देतात. तुम्ही नातेवाईक आहात का वगैरे कोणी विचारत नाही. मी तशी नातेवाईक नाहीच, म्हणजे आहे पण लांबून, कारण फाईल माझ्या जावयाच्या खापरपणजोबांची आहे.

मी मागवली तेव्हाचा भाव असा: पूर्ण फाईलचे 80 डॉलर, त्यात पहिली 100 पानं, पुढच्या प्रत्येक पानाला 80 सेंट. आमची निघाली 127 पानं. शिवाय लष्करातल्या नोकरीचा रेकॉर्ड ही वेगळी फाईल असते, त्याचे 30. बेरीज 131 डॉलर 60 सेंट. जावई म्हणाला एवढ्यात आपण सगळे बाहेर जेवून आलो असतो. मी म्हटलं जेवण उद्या विसरशील, हे नाही विसरणार. (तो अजून विसरलेला नाही, पण पैशामुळे.)

आता एवढा खटाटोप का, तर खापरपणजोबा क्वेकर होते. क्वेकर म्हटलं की आपल्या लोकांना ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला आठवतो, मलाही तेच आठवायचं, पण त्या कंपनीचा ह्या पंथाशी काही संबंध नाही. खरे क्वेकर म्हणजे सोसायटी ऑफ फ्रेंड्स, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सनं सुरू केलेला पंथ. प्रार्थनेला गप्प बसायचं, कोणाला आतून काही सुचलं तर उठून बोलायचं, पगारी पाद्री नाही. त्या काळी मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही अहो-जाहो नसायचं, सगळ्यांना सरसकट अरे-तुरे, आणि टोपी कोणासमोर काढायची नाही. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण खरं बोलायला वेगळी शपथ कशाला लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हत्यार उचलायचं नाही. राजा दुसऱ्या चार्ल्सला त्यांनी हे 1660 सालीच लेखी कळवून टाकलं होतं. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन ह्यांच्यातलाच, 1681 ची सनद त्याची, म्हणून ह्या भागात जिकडे बघावं तिकडे दगडी मीटिंग हाऊसं, म्हणजे क्वेकरांची प्रार्थनाघरं, दिसतात.

मग क्वेकराचा शिपाई झाला कसा? माझ्या विहीणबाईंकडे ह्याची तयार गोष्ट होती आणि ती दर थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर वाढली जायची. की ते घरच्यांना न सांगता पळून जाऊन भरती झाले, अँटिटमच्या लढाईत गोळी खाल्ली, घरी आले तर क्वेकरांनी त्यांना बाहेर काढलं, आणि म्हणून आपलं घराणं क्वेकर राहिलं नाही. छान गोष्ट आहे, डोळ्यात पाणी येईल अशी. पण मी चाळीस वर्षं हिशोबखात्यात काढलीत, मला व्हाउचर बघितल्याशिवाय झोप येत नाही.

सुरुवात फुकटातच झाली. नॅशनल पार्क सर्व्हिसची एक यादी आहे ऑनलाईन, दोन्ही बाजूंच्या सगळ्या शिपायांची, नाव टाकलं की रेजिमेंट कळते, आणि ती आधी बघा हा माझा पहिला सल्ला, कारण रेजिमेंट माहीत नसेल तर पुढची ऑर्डरच नीट देता येत नाही. आमची निघाली 124वी पेनसिल्व्हेनिया. चेस्टर आणि डेलावेअर ह्या दोन काऊंट्यांतल्या पोरांची रेजिमेंट, 1862 च्या ऑगस्टमध्ये उभी केलेली, तीही फक्त नऊ महिन्यांसाठी. लिंकननं तेव्हा नऊ महिन्यांच्या बोलीवर तीन लाख माणसं मागितली होती त्यातलीच ही. नऊ महिने! मला वाटलं होतं चार वर्षं लढले असतील, विहीणबाईंच्या गोष्टीत तरी तसंच वाटायचं. पण ते नऊ महिने साधे नव्हते, कारण बंदूक हातात घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले आणि 17 सप्टेंबरला ह्या पोरांना मेरीलँडमध्ये शार्प्सबर्गजवळ थेट अँटिटमच्या मक्याच्या शेताशी नेऊन उभं केलं. त्या एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे 23,000 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ज्या कोअरमध्ये (म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीत) 124वी होती तिचा जनरल मॅन्सफिल्ड तिथेच गोळी लागून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

इथून पुढे मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. एका मोठ्या वंशावळीच्या वेबसाईटची मेंबरशिप घेतली, नाव सांगत नाही. फुकट ट्रायल म्हणून घेतली, ती कधी संपली आणि कार्डावरून पैसे कधी जायला लागले कळलंच नाही, बंद करायचं बटन शोधायला माझ्या मुलीला पाऊण तास लागला. बरं पैसे गेले ते गेले, पण माहिती? त्यांचं सॉफ्टवेअर आपणहून सुचवत राहतं की हे बघा हा तुमचा पूर्वज, हे बघा ही त्याची बायको, आणि मी सुचवलेलं सगळं भाबडेपणानं स्वीकारत गेले तर खापरपणजोबांना दोन बायका, अकरा मुलं आणि ओहायोत एक शेत झालं. ओहायोवाला वेगळाच निघाला, नाव तेच, वयानं चौदा वर्षं मोठा.

आणि तारखा तर विचारूच नका. क्वेकर लोक तेव्हा महिन्यांची आणि वारांची नावं घेत नसत, कारण ती जुन्या देवांची नावं आहेत, ते म्हणायचे पहिला दिवस, दुसरा दिवस, पाचवा महिना, आठवा महिना. 1752 च्या आधी इंग्रजांचं नवं वर्ष मार्चमध्ये लागायचं (आपलं चैत्रात लागतं तसंच की), म्हणजे त्यांचा पहिला महिना मार्च आणि आठवा महिना ऑक्टोबर. 1752 नंतर पहिला महिना जानेवारी. ही साधी गोष्ट त्या वेबसाईटवरच्या वंशाची झाडं लावणाऱ्या मंडळींना माहीत नसते, त्यामुळे जुन्या पिढ्यांमध्ये एक मूल आईबापाच्या लग्नाच्या आधीच जन्माला आलेलं दाखवलं होतं. विहीणबाईंना ते दाखवायची माझी हिंमत झाली नाही, मग दुरुस्त करूनच दाखवलं.

तर मूळ कागद मागवणं हाच मार्ग. ऑर्डर आर्काइव्ह्जच्या साईटवरून देता येते, फॉर्मचा नंबर 85, लष्करी नोकरीच्या रेकॉर्डसाठी 86. पेन्शनच्या इंडेक्सकार्डावर अर्जाचा नंबर आणि सर्टिफिकेटचा नंबर असतो तो टाकायचा, विधवेनंही अर्ज केला असेल तर तिचे नंबर वेगळे, तेही टाकायचे. आणि एक फार महत्त्वाचं: 'पूर्ण फाईल' हाच पर्याय निवडा. 30 डॉलरमध्ये निवडक आठ-दहा कागदांचं पाकीट मिळतं तो मोह टाळा, त्यात जन्मतारीख, रेजिमेंट वगैरे मिळेल, पण माणूस मिळणार नाही. माणूस असतो तो किरकोळ कागदांत.

पहिल्यांदा आली लष्करी नोकरीच्या रेकॉर्डची तीस डॉलरवाली फाईल. हे छोटे छोटे कार्ड असतात, जुन्या हजेरीपटांवरून नंतर कारकुनांनी उतरवून घेतलेले, दर दोन महिन्यांचं एक कार्ड. जुलै-ऑगस्ट: हजर. सप्टेंबर-ऑक्टोबर: गैरहजर, आजारी, हॉस्पिटलमध्ये. मी म्हटलं आजारी? जखमी नाही? पुढच्या कार्डावरही आजारी. गोळीचा कुठेच पत्ता नाही.

मग आली मोठी फाईल, 127 पानं. पहिल्यांदा उघडाल तर गोंधळ होईल, कारण सगळ्यात शेवटचे कागद वर आणि सगळ्यात जुने खाली, जसे पेन्शन ऑफिसमधल्या कारकुनांनी एकावर एक ठेवत नेले तसेच. वरून वाचायला घेतलंत तर माणूस आधी मरतो मग म्हातारा होतो मग आजारी पडतो. मी सगळी पानं छापून डायनिंग टेबलावर तारखेप्रमाणे लावली, दोन दिवस घरातले सगळे किचनमध्ये उभ्यानं जेवले.

सगळ्यात आधी अर्ज. 1863 च्या मे महिन्यात रेजिमेंट घरी आली, आणि अर्ज केलाय 1880 च्या जूनमध्ये. सतरा वर्षं ह्या माणसानं काही मागितलं नाही. मग 1880 मध्येच का, तर 1879 च्या जानेवारीत कायदा झाला होता की जे 1 जुलै 1880 च्या आधी अर्ज करतील त्यांना डिस्चार्ज झाल्या दिवसापासूनची थकबाकी मिळेल. म्हणजे शेवटच्या तीन आठवड्यांत केलाय. मला तर डोळ्यासमोर दिसतं, बायको म्हणत असेल, अहो (म्हणजे अरे!) सगळे भरतायत तू का नाही भरत, आणि हे गप्प.

आजार काय, तर जुलाब. हो. गोळी नाही, जुलाब. 'मेरीलँड हाइट्सच्या छावणीत 1862 च्या ऑक्टोबरच्या सुमारास जडलेला जुनाट अतिसार'. हसू नका, मी आधी हसले आणि मग वाचायला लागले तर कळलं की युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात लढाईत जेवढे मेले त्याच्या साधारण दुप्पट रोगराईनं मेले, अतिसार, टायफॉइड, आणि अँटिटमनंतर तिथल्या छावण्यांमध्ये तर टायफॉइडनं पोरं पटापट गेली. पाणी घाण, अन्न घाण, शेतावर वाढलेली पोरं पहिल्यांदाच हजारोंच्या गर्दीत. ह्यांचं पोट जे बिघडलं ते जन्मभर. डॉक्टरी तपासणीच्या प्रत्येक फॉर्मवर माणसाच्या शरीराची छापील आकृती असते, पुढून आणि मागून, तिच्यावर डॉक्टरनं जखमेची जागा दाखवायची. आमच्या फाईलीत अशा आकृत्या आहेत पाच, वेगवेगळ्या सालच्या, आणि पाचांपैकी एकीवरही एकसुद्धा खूण नाही. खाली वजन मात्र दर वेळी लिहिलेलं आहे आणि ते दर वेळी कमी होत गेलंय.

पेन्शन मंजूर झाली 1882 मध्ये, महिना 4 डॉलर. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वाचे 8 मिळायचे, ह्यांना अर्धं अपंगत्व. पण थकबाकी एकदम मिळाली, एकोणीस वर्षांची, म्हणजे नऊशे डॉलरच्या आसपास. 1907 च्या कायद्यानं बासष्टीच्या पुढच्यांना 12 डॉलर झाले तेव्हा ह्यांनाही 12 झाले. 1911 मध्ये वारले, की लगेच एक छापील चिठ्ठी, अमुक नंबरच्या पेन्शनरचं नाव मृत्यूमुळे यादीतून कमी केलं. तारीख, सही, संपलं. आणि त्याच्यावर लगोलग बायकोचा अर्ज.

फाईलीतलं सोनं म्हणजे 1898 ची प्रश्नावली. पेन्शन ऑफिसनं त्या वर्षी पेन्शनरांना छापील कागद पाठवले होते, लग्न झालंय का, बायकोचं माहेरचं नाव काय, लग्न कधी, कुठे, कोणी लावलं, त्याचा पुरावा काय, हयात मुलं किती, त्यांच्या जन्मतारखा काय. शिपाई मेल्यावर भलतीच बाई विधवा म्हणून उभी राहू नये हा हेतू, पण वंशावळवाल्यांवर केवढे उपकार करून ठेवलेत. 1915 मध्येही असेच कागद पाठवले होते, तोवर आमचे गेले होते. तर ही प्रश्नावली त्यांनी स्वतःच्या हातानं भरलीय, अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. आणि मुलांच्या जन्मतारखा लिहिल्यात अशा: '5व्या महिन्याची 14', '11व्या महिन्याची 2'. युद्धावरून घरी येऊन पस्तीस वर्षं झाली तरी हा माणूस सरकारला महिने क्वेकरांसारखे आकड्यात लिहून पाठवतोय. पंथानं हाकलून दिलेला माणूस असं करेल? इथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

लग्न कोणी लावलं ह्या प्रश्नापुढे उत्तर: मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्याच ख्रिस्ती पंथाचा, पाद्री. साल 1866.

म्हणून मग मी गेले स्वार्थमोर कॉलेजला, क्वेकरांचे जुने कागद तिथल्या लायब्ररीत असतात. हा रिव्ह्यूचा दुसरा भाग समजा, कारण फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीला न जाता ही फाईल म्हणजे अर्धंच जेवण. 1827 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांमध्ये फूट पडली, हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स, ती थेट 1955 मध्ये मिटली, त्यामुळे मधल्या काळातले कागद कुठे शोधायचे हे तुमचा माणूस कुठल्या गटाचा ह्यावर अवलंबून. हिक्साइटांनी काढलेलं कॉलेज स्वार्थमोर, ऑर्थोडॉक्सांचं हॅवरफर्ड, सर्वसाधारणपणे कागदही तसेच. चेस्टर काऊंटीत हिक्साइट जास्त, आमचेही तेच. तिथल्या बाईंनी इतकी मदत केली, मी मराठी उच्चारात क्वेकर मीटिंगांची (म्हणजे त्यांच्या गावोगावच्या मंडळांची) नावं घेत होते ती त्यांनी हसून समजून घेतली आणि मिनिट्सची फिल्म काढून दिली. पैसे एक सेंट नाही.

मिनिट्स म्हणजे दर महिन्याच्या सभेचं इतिवृत्त. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. कोणाचा जन्म, कोण कुठल्या गावाहून दाखला घेऊन आलं, कोणी दारू प्याली, कोणी कर्ज बुडवलं, सगळं नोंदलेलं. नियम मोडला की सभेत तक्रार यायची, दोन माणसं नेमायची, ती घरी जाऊन बोलायची आणि पुढच्या महिन्यात सांगायची. मग एकतर त्या माणसानं चूक लेखी कबूल करायची, नाहीतर त्याला डिसओन करायचे. मी हे सुरुवातीला 'वाळीत टाकणं' असंच समजत होते पण तसं नाही. वाळीत टाकलं की पाणी बंद, येणंजाणं बंद, मयताला खांदा द्यायला कोणी नाही. डिसओन केलेला माणूस रविवारी, सॉरी पहिल्या दिवशी, प्रार्थनेला येऊन बसू शकायचा, शेजार-व्यवहार चालू, फक्त सभासद नाही आणि कारभारात बोलता येणार नाही.

1862 वाचलं, 1863 वाचलं, 1864 वाचलं. खापरपणजोबांच्या लढाईवर जाण्याबद्दल एक ओळ नाही. एक शब्द नाही. मीटिंगनं सरळ डोळेझाक केली. नंतर वाचलं की हे तेव्हा बऱ्याच ठिकाणी झालं, काही मीटिंगांनी पोरांना काढलं, काहींनी कबुली घेऊन ठेवलं आणि कित्येकांनी विषयच काढला नाही. ह्याचं कारण मला तरी स्वच्छ दिसतं. ही तीच चेस्टर काऊंटी जिथल्या क्वेकर घरांनी दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून पुढे पोचवलं. केनेट स्क्वेअरजवळच्या लाँगवूडचे प्रोग्रेसिव्ह फ्रेंड्स 20 जून 1862 ला लिंकनला जाऊन भेटले होते, गुलामांना मुक्त कर म्हणून सांगायला, आणि आमचे भरती झाले त्यानंतर दोन महिन्यांत. लहानपणापासून घरात ऐकलं की गुलामी पाप आहे आणि लढाईपण पाप आहे, आणि विसाव्या वर्षी दोन पापांतलं एक निवडायची वेळ आली. लिंकननंच 1864 मध्ये एलायझा गर्नी ह्या क्वेकर बाईंना पत्रात लिहिलं होतं की तुम्हा लोकांची मोठी कठीण परीक्षा आहे, युद्धाला विरोध आणि जुलमालाही विरोध, पण ह्या घडीला जुलमाला विरोध करायचा तर तो युद्धानंच होतोय. वडीलधाऱ्यांना हे कळत नसेल असं नाही. त्यांना पोराला शाबासकीही देता येईना आणि बाहेरही काढवेना, म्हणून मिनिट्समध्ये कोरी जागा.

पण 1867 मध्ये तक्रार आली! कशाबद्दल? लग्नाबद्दल. पाद्र्याकडून लग्न लावून घेतलं, आपल्या रीतीबाहेर. क्वेकरांच्या लग्नात पाद्री नसतोच, नवरा-बायको उभं राहून एकमेकांना वचन देतात आणि हजर असलेली सगळी माणसं, अगदी पोरंसोरंसुद्धा, कागदावर सह्या करतात. ते सोडून मेथडिस्टाकडे जाणं म्हणजे गुन्हा. म्हणजे बघा, बंदूक घेऊन गेला ते चाललं, बायको परकी केली ते नाही चाललं, आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात हेच झालं असतं. दोन माणसं भेटायला नेमली. तीन महिन्यांनी ह्यांची चार ओळींची कबुली आली, नियम मोडला ह्याचं वाईट वाटतं, सभासद राहायची इच्छा आहे. मीटिंगनं स्वीकारली. बस. मरेपर्यंत सभासद, पुरलेसुद्धा मीटिंगच्याच दफनभूमीत, गुडघ्याएवढा साधा दगड, आणि बाजूला माजी सैनिकांच्या संघटनेचा लोखंडी तारा ज्यात मेमोरियल डेला कोणीतरी झेंडा खोचून जातं. मी जाऊन बघून आले.

मग घराणं क्वेकर राहिलं का नाही? तर त्यांचा मुलगा नोकरीसाठी विल्मिंग्टनला गेला आणि बायकोच्या चर्चमध्ये जायला लागला, 'स्वतःच्या विनंतीवरून' नाव कमी केलं असं मिनिट्समध्ये आहे. इतकं साधं. विहीणबाईंना हे सांगताना मला जरा अपराध्यासारखं झालं, गोळी गेली, हकालपट्टी गेली, राहिलं काय तर जुलाब आणि विल्मिंग्टन.

पण राहिलं ते मी त्यांना शेवटी दाखवलं, आणि माझ्या मते 131 डॉलर त्या दोन पानांचेच आहेत. पेन्शन मिळवायची तर भरती होण्याआधी तब्येत ठणठणीत होती आणि परत आल्यावर नव्हती हे सांगणारा साक्षीदार लागतो. ह्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला आणलं. त्याचं नाव बघितलं आणि मी उठून माझी स्वार्थमोरची वही आणली. तोच. 1867 मध्ये लग्नाबद्दल जाब विचारायला मीटिंगनं जे दोघं पाठवले होते त्यातला एक. पक्का जुना क्वेकर. ह्या माणसानं लढाईच्या पेन्शनसाठी सरकारकडे जबाब दिलाय. छापील फॉर्मवर 'शपथपूर्वक' असं आहे तो शब्द खोडलाय आणि वर हातानं 'प्रतिज्ञापूर्वक' लिहिलंय, कारण क्वेकर शपथ घेत नाही. खाली तो सांगतो, मी ह्याला लहानपणापासून ओळखतो, गवताच्या कापणीला दोन माणसांचं काम एकटा करायचा, 1862 च्या आठव्या महिन्यात तो बाहेर गेला, 1863 च्या पाचव्या महिन्यात घरी आला तेव्हा मी त्याला लांबून ओळखलं नाही, आणि बाहेर असताना जे जडलं त्यातून तो बरा झालेला नाही, दर उन्हाळ्यात इतके इतके दिवस त्याचं काम मी आणि माझी मुलं करतो. पानभर जबाब. त्यात युद्ध, सैन्य, रेजिमेंट, छावणी ह्यातला एकही शब्द नाही. फक्त 'बाहेर'.

वॉशिंग्टनच्या कारकुनाला अर्थातच हे चालणार नव्हतं. त्याचं पत्र फाईलीत आहे, साक्षीदारानं 'बाहेर' म्हणजे सरकारच्या लष्करी सेवेत असं स्पष्ट करावं. आणि मग दुसरा जबाब, वेगळ्या कागदावर, पुन्हा शपथ खोडून प्रतिज्ञा. मजकूर एकच ओळ: तो तिथेच होता. पुन्हा तो शब्द नाहीच! कारकुनानं हात टेकले असावेत, बाजूला निळ्या पेन्सिलीनं 'स्वीकृत' अशी खूण आहे.

विहीणबाईंनी ती दोन पानं तीनदा वाचली. म्हणाल्या, ह्याची गोष्ट कशी नाही सांगितली मला कोणी.

तर रेटिंग: पेन्शन फाईल पाच स्टार, तीस डॉलरवाला सर्व्हिस रेकॉर्ड तीन (हजेरीपटच तो, पण गोळीचं खोटं त्यानंच पकडलं), स्वार्थमोरची लायब्ररी पाच, ती वेबसाईट एक, तोही मुलीनं बंद करून दाखवली म्हणून. ज्यांच्या माणसानं पेन्शन मागितलीच नाही त्यांनी पैसे घालू नका, आधी इंडेक्स बघा. जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायला सवय लागते, पहिली दहा पानं रडवतात, मग कारकुनाकारकुनाचं अक्षर ओळखू येतं.

आता त्या शेजाऱ्याबद्दल अजून काही मिळतंय का बघतेय. त्याची स्वतःची फाईल असणार नाही, तो कुठे बाहेर गेला होता. पण त्या मीटिंगमधली आणखी दोन पोरं 124व्या रेजिमेंटमध्ये होती आणि दोघांचेही पेन्शनचे नंबर इंडेक्समध्ये आहेत, त्यांना साक्षीदार कोण होता काय माहीत. प्रत्येकी 80 डॉलर. जावयाला अजून सांगितलेलं नाही.